तिरकी फरशी

"अहो, ती माझी फरशी आहे. ठेवा खाली!"

श्यामला हे इतक्या जोरात म्हणाली, की उद्यमनगरातल्या त्या टाइल्सच्या दुकानात सगळे वळून बघू लागले. लाल-काळी फरशी उन्हाकडे धरून निरखणारा तरुण मात्र हलला नाही.

"तुमची? खोली केवढी हाय?"

"आठ बाय दहाच्या दोन. मंगळवार पेठेत."

"मग ही नको. लहान खोली खाऊन टाकंल ही. ती फिकी पिवळी घ्या, अन् तिरकी बसवा. जागा मोठी वाटंल."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी न्हाई," तो हसला. "पर बसवणार मीच हाय की. मंगळवार पेठंतल्या दोन खोल्या म्हंजे तुमच्या वडलांच्याच, तात्यांच्या. त्यांनी कालच सांगितलंय. मी कृष्णात."

श्यामलाने मुकाट्याने पिवळी घेतली... आणि रिक्षात बसल्यावर एकटीच हसली.

चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी होता. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. दुपारी घरी आली, की उंबऱ्यावर वह्या तपासत बसायची, आणि आत कृष्णात गुडघ्यांवर बसून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून एकेक फरशी बसवायचा. लाकडी ठोकणीने हलकेच ठोकायचा, कान द्यायचा, मधूनच बसवलेली पुन्हा उचलायचा.

"आता काय झालं?"

"खाली पोकळ ऱ्हायलं. या, ऐका."

ती शेजारी वाकली. त्याने दोन ठिकाणी ठोकलं.

"हे भरीव," ती म्हणाली, "आणि हे... पोकळ."

"बाई, तुम्ही पास!"

दोघांची डोकी फार जवळ आली होती. ती चटकन उठली; पण त्या दिवशी तिने एकाच वहीवर दोनदा सही केली.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "तात्यांना एवढी घाई कशाची हाय?"

"रविवारी पेठ वडगावहून पाहुणे येणार आहेत. मला बघायला."

ठोकणी थांबली. "व्हय? मग... चांगलीच बसवाय पायजे." त्यानंतर त्याने मान वर केली नाही. शनिवारी काम संपवून गेला, तेव्हा ती शाळेत होती.

रविवारी पाहुण्यांनी फरशीचं कौतुक केलं. मुलगा बँकेत होता, बोलायला सभ्य होता. "तुम्हाला काही विचारायचंय?" त्याने विचारलं.

"नाही," श्यामला म्हणाली. "माफ करा, मला हे लग्न करायचं नाही."

पाहुणे चहा न घेताच उठले. तात्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर टाइल्सच्या दुकानात त्याचा ठावठिकाणा विचारून ती राजारामपुरीत पोचली. कृष्णात तिथे एका घराच्या ओसरीवर सिमेंटचा माल कालवत होता. तिला पाहून थापी हातातच राहिली.

"मी नकार दिला," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही का नाही विचारलंत?"

त्याने थापी खाली ठेवली. "मी गवंडी, तुम्ही शाळंतल्या बाई. तात्या हाकलून घालतील."

"ते त्यांचं. तुमचं काय?"

"माझं... पयल्या दिवशी दुकानात वरडला की न्हाई तुम्ही, तवापास्नं हाय."

त्याने कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट चढवला. दोघं चालतच मंगळवार पेठेत आली.

तात्या दारातच उभे होते. त्यांनी आधी त्याला पाहिलं, मग मुलीला. तिने मान खाली घातली नाही.

"घरी कोण कोण असतं रे तुझ्या?" त्यांनी खडसावून विचारलं.

"आई अन् धाकटी बहीण."

तात्या थोडा वेळ मिशी चाचपत उभे राहिले. मग म्हणाले, "आईला घेऊन ये उद्या. लग्नाच्या गोष्टी पोरांनी बोलायच्या नसतात."

आणि बाजूला होऊन त्यांनी त्याला आत यायला वाट दिली.