चेंडूच्या पोटातली ओल

"टाके ढिले घालतेस आणि वर तोंड करून बघतेस?"

मुकादमाने बेसबॉलची परत आलेली पेटी मावशीसमोर आदळली. सगळ्या चेंडूंची कातडी सैल पडून सुरकुतली होती. कारखान्याच्या मालकीणबाई येताहेत, त्या आल्या की तुला घरीच बसवतो, असं बजावून तो केबिनमध्ये गेला. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. घर चालत होतं ते तिच्या या शिलाईवर.

मावशीकडे सुट्टीला आलेल्या चिमणीने एक चेंडू उचलला. लाल दोऱ्याचे टाके कसे दाणेदार, एकाला एक लागून! मग चूक आत तर नसेल? बुचाच्या गोळीवर रबर, त्यावर लोकरीचे घट्ट वेढे आणि वर ओलं कातडं ताणून शिवायचं. सुकलं की ते चापून बसतं. हे तिला आता पाठ झालं होतं. देव पाठीशी असला तरी पाय आपल्यालाच उचलावे लागतात. तिने धाकट्या ठोंब्याला खूण केली आणि दोघं मागच्या खोलीत सटकली.

टप. टप. वरच्या फळीवरची ओली कातडी गळत होती, ती थेट खालच्या लोकरीच्या गोळ्यांवर. गोळे दमट लागत होते. वाळवणीच्या पंख्याच्या जागी धुळीत नुसता गोल डाग!

"ताई, ऐक," ठोंब्या कुजबुजला. मुकादमाच्या केबिनमधून पंख्याची घरघर येत होती.

बाहेर गाडीचं दार वाजलं. आपण आत्ता बोललो तर मुकादम पंखा गुपचूप जागेवर ठेवील, चिमणीने ताडलं. ती धावत पुढे गेली. मालकीणबाई पेटीपाशी उभ्याच होत्या, शेजारी मुकादम.

"मुकादमकाका, यात लोकरबिकर काही नाही. भुसा भरलाय," तिने मुद्दाम डिवचलं.

"भुसा? माझ्या चेंडूत?" मुकादम भडकला. त्याने सुरी घेऊन चेंडू चिरला. कुबट वास सुटला. लोकर आक्रसून बुरशीने काळवंडली होती. टाके मात्र सुरीलाही दाद देत नव्हते.

"लोकर भिजली कशी? पंखा कुठाय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काकांना वारा घालतोय," ठोंब्या म्हणाला.

शिवणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मुकादम पंखा उचलायला वळला. मालकीणबाईंनी मावशीची माफी मागितली आणि मग पोरांकडे बघितलं.

"हुशार आहेत हो भाचरं! सुट्टी संपेपर्यंत रोज आणा त्यांना. आमच्या मुकादमावर कुणाचा तरी डोळा हवाच."

मावशीने दोघांना पोटाशी ओढलं.