भुवईतली फट

वाचनालयाच्या रंगीत खिडकीतली मुलगी सकाळी बिनचेहऱ्याची झाली होती. हातातलं पुस्तक, निळी ओढणी जागच्या जागी. चेहऱ्याच्या ठिकाणी साधी काच. दाराचं कुलूप शाबूत.

फौजदारबाई शिडीवर चढल्या. साध्या काचेभोवतालच्या नव्या शिशाच्या पट्ट्यांचे सांधे ओबडधोबड होते. पण पाणी अडवायला कडेने भरलेली लांबी, म्हणजे काचेची पुट्टी, एकसारखी होती, बोट लावलं तर अजून मऊ. नवं शिसंही घासून जुन्यासारखं काळं केलेलं. पावसाची काळजी करणारा चोर त्यांना नवा होता.

किल्ल्या दोनच. एक ग्रंथपालांकडे, आणि ते आठवडाभर परगावी होते. दुसरी खिडकी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे.

तो आपल्या काचेच्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत धाकट्या बहिणीबरोबर राहायचा. दोघंही बिनलग्नाची, बोलणं कामापुरतं. फौजदारबाईंना आपलं घर आठवलं. तिथे तेवढंही नव्हतं.

"खिडकी कुणी बनवली, काका?"

"वडिलांनी. मी तेव्हा बाहेरगावी शिकत होतो."

"मुलगी कोण?"

"कुणास ठाऊक."

"चेहऱ्यावर काय काम केलंत?"

"डाव्या भुवईतला रंग उडाला होता, फट पडलेली. भरून काढली."

"जोडणी तुमचीच?"

"कापणं, जोडणं माझं. लांबी भरणं, शिसं काळं करणं हिचं."

"वाचनालयाच्या समितीने तुमच्यावर चोरीची तक्रार दिलीय. अटक करावी लागेल."

म्हाताऱ्याने हातातलं काम खाली ठेवलं. "मी नाही घेतली हो."

बहीण खाली मान घालून ब्रश धूत होती. कपाळावर केस आलेले.

"मावशी, केस जरा मागे घेता?"

तिच्या डाव्या भुवईत जुन्या जखमेची फट होती.

"काकांनी इतके वाईट सांधे जोडले नसते," फौजदारबाई सावकाश म्हणाल्या. "पण लांबी मुरलेल्या हाताची आहे. आणि घाईतल्या चोराने शिसं काळं कशाला केलं असतं? तुमचा हात सवयीने थांबला नाही."

बहिणीने खणातून टॉवेलात गुंडाळलेली काच काढली. भुवईतला नवा रंग खरवडलेला होता.

"परत बसवणारच होते. शिडीवर उभं राहून एवढं बारीक काम होत नाही. बाबांनी मला समोर बसवून काढलेलं. माझा दुसरा फोटो नाही."

"मला सांगायचंस तरी," भाऊ म्हणाला.

"दोन महिने भिंगातून बघत होतास, दादा. वाटलं, ओळखशील. एकदा विचारलंस, कोण असेल गं ही? मग भुवईच भरून टाकलीस. लहानपणी तूच फेकलेल्या काचेची खूण ती."

फौजदारबाईंनी वही मिटली. "संध्याकाळपर्यंत काच जागेवर बसली, तर समितीला मी समजावते. सांधे मात्र काकांनी जोडायचे."

त्या गेल्या तरी म्हातारा तसाच उभा होता. मग त्याने चष्मा पुसला आणि बहिणीसमोर स्टूल ओढलं.

"केस मागे घे," तो म्हणाला. "नीट बघू दे."