दार दिवसातून किती वेळा उघडतं?

हा फॉर्म पुण्याच्या एका कंपनीचा आहे. दोन पानं, सगळे प्रश्न इंग्रजीत. गॅरेजच्या दाराला मोटर बसवायची असली की आधी हा भरून द्यायचा, मग कंपनी आपल्याला कुठली यंत्रणा बरी ते सुचवणार. जून २००३ मध्ये उद्यमनगरातल्या ज्ञानू मिस्त्रीनं तो माझ्या हातात दिला. मी वरचे दोन रकाने भरले आणि सोडून दिला. आता २००८ आहे. उरलेले भरतो आहे, मराठीत. कुठं पाठवायचा नाही, तेव्हा जागा पुरली नाही तरी चालेल.

नाव आणि व्यवसाय

प्रसेनजीत कृष्णात कुरणे. तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवतो.

दाराचा प्रकार

लोखंडी गुंडाळी शटर. घर आर. के. नगरच्या चढावर, गॅरेज रस्त्याच्या पातळीवर, राहतं घर त्याच्या डोक्यावर. आतून जिना आहे. गाडी झेन, पांढरी.

(इथपर्यंत जुनी शाई.)

सध्या दार कोण उघडतं?

माझे वडील. आप्पा.

आप्पा रेल्वेत गेटमन होते. हातकणंगले आणि रुकडीच्या मधल्या एका फाटकावर एकतीस वर्षं. तिथली कामाची रीत अशी: स्टेशनमास्तरांचा फोन यायचा की गाडी सोडायची आहे. गेटमननं फाटक लावायचं, कुलूप घालायचं आणि आपल्याकडच्या यादीतला पुढचा दोन आकडी नंबर फोनवर सांगायचा. तो मिळाल्याशिवाय सिग्नल पडत नाही. फाटक उघडायचं तर तिकडून नंबर यायला हवा. वापरलेल्या नंबरावर काट मारायची. तो पुन्हा चालत नाही.

आई गेल्यावर आप्पा आमच्याकडं राहायला आले, आणि दोन वर्षांनी मी गाडी घेतली तेव्हा त्यांनी न सांगता गॅरेजचा ताबा घेतला. सकाळी मी गाडी बाहेर काढली की ते काचेशी वाकायचे आणि एक आकडा सांगायचे. संध्याकाळी मी कोपऱ्यावर दोनदा हॉर्न द्यायचा आणि बंद शटरसमोर थांबायचं.

"नंबर?" आतून आवाज.

"आप्पा, मी हाय."

"मी कोण? नंबर सांग."

"एकाहत्तर."

मग शटर वर. कधी मी विसरायचो. समोरच्या कट्ट्यावर झुंबरबाई वाटच बघत असायच्या. "इसरला जणू आज मास्तर! बसा आता भाईरच. भाकरी आणून देऊ का हितंच?"

एकदा मी चिडून विचारलं, "माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?"

"आवाज वळकून फाटक उघडायचं नसतंय," आप्पा म्हणाले. बऱ्याच वेळानं, शेंगा फोडता फोडता, त्यांनी पुढचं सांगितलं. एका वर्षी थंडीत, धुक्यात, गेटवरचा फोन वाजला होता. स्टेशनमास्तर साहेबांचाच आवाज. खोकलासुद्धा साहेबांचाच. 'कृष्णा, उघड.' आप्पांनी नंबर विचारला. पलीकडं गप्प. परत विचारला. परत गप्प. नंतर कळलं, साहेब त्या वेळी जेवायला घरी गेले होते.

"मग कोण होतं?"

"मला काय ठावं? नंबर न्हवता, एवढं खरं."

मोटर बसवण्याचं कारण

वडिलांचं वय. गुडघे.

हे खोटं आहे. आप्पांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे होते. एका संध्याकाळी आमचे प्राचार्य माझ्या गाडीतून आले. त्यांना वर चहाला न्यायचं होतं. आणि मी रस्त्यात उभा राहून बंद शटरला ओरडून सांगत होतो, सत्त्याण्णव, आप्पा, सत्त्याण्णव. प्राचार्य हसले नाहीत. हसले असते तर कदाचित मी मोटर घेतलीच नसती.

पसंत केलेली यंत्रणा

ज्ञानू मिस्त्रीनं टेबलावर दोन वस्तू मांडल्या. म्हणजे एक वस्तू आणि एक हा फॉर्म.

"ह्यो रिमोट तयार हाय, सर. आत आठ खटकं हायती बारकं. रिमोटातलं आणि मोटरीतलं खटकं जुळलं की शटर वर. उद्या बसवून देतो. दुसऱ्यात दर टायमाला नंबर बदलतोय, पण तो पुण्यास्नं मागवायला लागतोय. फॉर्म भरा, म्हैना धरा." मग डोळा बारीक करून, "एवढं कशाला पण? गॅरेजात सोनं ठेवणार हायसा व्हय?"

घरी येऊन आप्पांना दोन्ही समजावून सांगितले. ते परीक्षकासारखे ऐकत होते.

"म्हंजे ह्यात बी नंबर हाय म्हण की."

"आहे."

"रोज बदलतोय?"

"पुण्याच्यात बदलतो. ह्यात नाही. एकदा लावला की तोच."

"वापरल्याला नंबर परत?"

"आप्पा, कुणाला कळणार आहे तो?"

"ऐकणाऱ्याला."

मी हसलो. ते म्हणाले, "दुसरा घे. म्हैनाभर मी वडतो की शटर."

मी तयार होता तो घेतला.

दार दिवसातून किती वेळा उघडतं?

दोनदा. मी जाताना, मी येताना.

मोटर बसल्यावरही आप्पा संध्याकाळी गॅरेजात येऊन बसायचे. प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला लावून, हात मांडीवर. शटर आपोआप वर जाताना बघायचे. सकाळी काचेशी वाकणं त्यांनी चारपाच दिवस चालू ठेवलं. मी म्हणालो, आता गरज नाही. मग ते जिन्यातच थांबू लागले.

नोव्हेंबरात मोरेवाडीच्या बाजूनं गुऱ्हाळाचा गोड धूर येऊ लागतो. अशाच एका संध्याकाळी साडेसहाला मी आलो, बटण दाबलं, गाडी आत घेतली. आप्पा खुर्चीवर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग जिन्याकडं. मग परत माझ्याकडं.

"तू तर मघाशी आलास."

"कोण?"

"तू. गाडी लावलीस. माझ्याकडं बघून हसलास. वर गेलास."

वर दुसरं कोणी नव्हतं. दीक्षा, माझी बायको, भात लावत होती. ती म्हणाली, "शटरचा आवाज आला होता की. दहा मिनिटं झाली. मला वाटलं आप्पांशी बोलत बसलाय."

मी विजेचा माणूस आहे. आसपास दुसऱ्या कुणाचा रिमोट त्याच खटक्यांचा असणार. मी खटके बदलले. तीन दिवसांनी परत तेच. परत बदलले. परत तेच. मग आप्पांना मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आप्पा दोनपर्यंत न अडखळता गेले. डॉक्टर म्हणाले, "मला जमत नाही एवढ्या झटकन."

एका सकाळी गाडी बाहेर काढून मी गॅरेजच्या फरशीवर खडूची पूड पसरली, शटरपासून भिंतीपर्यंत. कॉलेजातून पाव किलो आणली होती. संध्याकाळी शटर वर गेलं तेव्हा गाडी बाहेरच ठेवून आधी बघितलं.

चाकांच्या दोन रेघा आत गेल्या होत्या. भिंतीपासून दीड फुटावर संपल्या होत्या, मी जिथं थांबतो तिथं. बाहेर येणाऱ्या रेघा नव्हत्या. रेघांच्या मध्ये गाडी नव्हती. तिथली हवा कोमट होती, आणि पेट्रोलचा वास.

ड्रायव्हरच्या बाजूला बुटांचे ठसे होते. ते आप्पांच्या खुर्चीपर्यंत गेले होते आणि खुर्चीसमोर बराच वेळ उभे राहिल्यासारखे एकमेकांवर पडले होते.

"काय बोलला का तो?" मी विचारलं. 'तो' म्हणालो ते मला नंतर जाणवलं.

"इचारतोय, दिवस कसा गेला," आप्पा म्हणाले. "तू कवा इचारतोस?"

वीज गेल्यास पर्यायी सोय

हाताची साखळी. आतून ओढायची.

अकरा डिसेंबर, गुरुवार. त्या आठवड्यात संध्याकाळी पाच ते सात लोडशेडिंग होतं. सकाळी मी गाडी बाहेर काढली तर आप्पा रस्त्यावर आले, कित्येक महिन्यांनी.

"आज सांजचं लाइट न्हाय. साखळी मलाच वडायला लागणार. आजच्यापुरता नंबर घिऊन जा."

"आप्पा, उशीर झालाय."

"एकच आकडा हाय, लेका. मला कसं कळायचं कोण ते?"

मी काच वर केली होती. ते वाकले. त्यांचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली आणि निघालो.

चढ उतरताना आरशात ते तसेच वाकलेले दिसत होते, जणू काचेपलीकडं अजून कोणी बसलं आहे आणि ते नीट ऐकतं आहे.

दिवसभर ते मनातून गेलं नाही. शेवटचा तास सोडून मी उद्यमनगरात गेलो. ज्ञानूला म्हणालो, पुण्याचा मागवा, नंबर बदलणारा, आजच.

"फॉर्म आणलासा?"

फॉर्म घरी होता.

"मग काय उपेग, सर? बसा, च्या घ्या."

मी बसलो. चहा घेतला. मोटरी कुणाच्या चांगल्या यावर वीस मिनिटं बोललो.

ही वीस मिनिटं लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

सुरक्षेची व्यवस्था

दीक्षानं पुढं पोलिसांना सांगितलं ते असं. ती वर खिडकीपाशी उरलेल्या उजेडात तांदूळ निवडत होती. कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजला. खालून आप्पांचा आवाज आला, "नंबर?"

आणि माझा आवाज, "चौतीस."

थोडा वेळ काही नाही.

मग साखळीचा खडखडाट. तिला बरं वाटलं. म्हणजे यांनी परत सुरू केलं वाटतं, असं ती मनात म्हणाली. मग आप्पा मोठ्यानं हसले. गाडीचं दार लागलं. गाडी चढावरून खाली गेल्याचा आवाज आला.

मी पोचलो.

शटर वर होतं.

गॅरेज रिकामं. खुर्ची रिकामी.

दीक्षा जिन्यावर आली, मला बघून तिसऱ्या पायरीवर थांबली.

"आप्पा कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"घरात."

"तुमच्याबरोबर गेले ना आत्ता?"

झुंबरबाई रस्त्यापलीकडून आल्या. "मास्तर, एवढ्यात आलासा बी? म्हाताऱ्याला कुठं सोडलासा? म्होरच्या शिटावर बसून राजावानी निघालं हुतं."

मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होतो.

गरम होतं. माझंच.

इतर माहिती

पोलिसांनी बराच काळ माझ्याकडंच बघितलं. दोन बायकांनी मला वडिलांना घेऊन जाताना ऐकलं, पाहिलं होतं. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. ज्ञानू मिस्त्रीच्या चहामुळं मी सुटलो.

मोटर काढली. शटर पुन्हा कधी आपण होऊन उघडलं नाही. ज्याच्यासाठी उघडत होतं ते काम बहुधा झालं होतं.

आप्पा सापडले नाहीत. एका गोष्टीवर मी पाच वर्षं काढली. त्यांनी नंबर विचारला, बरोबर मिळाला, नियमानं फाटक उघडलं. म्हणजे त्यांच्या लेखी ते आपल्या मुलाबरोबरच गेले. फसले असतील, पण घाबरले नसतील. त्यांना तो मीच वाटला असणार. दीक्षा रडायची तेव्हा मी तिला हेच सांगायचो, आणि नंतर नंतर तीच मला सांगू लागली.

गेल्या मंगळवारी एस.टी. स्टँडवर तानाबाई भेटल्या. आप्पांच्या जोडीच्या गेटमनची बायको, आता लेकीकडं कुरुंदवाडला असतात. इकडचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी जय भीम म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"परवा घाटावर बघितलं की रं तुमास्नी. मी हाक मारली, पण पाण्याच्या आवाजात तुला ऐकायला आलं न्हाय. आप्पा पायरीवर बसल्यालं, आणि तू खाली वाकून त्यांच्या चपलंचा पट्टा लावत हुतास. असं पोरगं हुयाला नशीब लागतंय, बाबा."

मी विचारलं, "कसे दिसत होते?"

"घरात ऱ्हातोस आणि मला इचारतोस व्हय?" त्या हसल्या. "ब्येस हुतं. अंगानं भरल्यात. लई बोलत हुतं तुझ्यासंगं. तू निसता ऐकत हुतास."

त्यांची गाडी लागली. मी पिशवी उचलून दिली. खिडकीतून त्यांनी परत डोकं बाहेर काढलं.

"व्हय रं, मला वाटलं तुझं नाव प्रसेनजीत. आप्पा तर तुला संघर्ष म्हणून हाक मारत हुतं. घरातलं नाव हाय का?"

आमच्या घरात हे नाव कुणाचंच नाही. मी हो म्हणालो.