सहा तासांनी पुन्हा

त्यांची पहिली भेट झाली ती भांडणानेच. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिने रक्ताची नळी परत सरकवली आणि समोरच्या नव्या डॉक्टरचा चेहरा पडला.

“रक्त फुटलंय. वरचं पाणी बघा, गुलाबी झालंय. जोरात ओढलंत ना?”

“अहो, पोरगं हातपाय झाडत होतं…”

“म्हणून तुम्हीही झाडायचे? सावकाश ओढा. आणि दंडाला पट्टी इतकी आवळू नका, आकडे उगाच चढतात.”

मोठमोठे डॉक्टर तिला वचकून असत. हा पठ्ठ्या मात्र हसला, बाही दुमडली आणि हात खिडकीतून आत घातला. “मग दाखवाच करून!”

तिने दाखवलं. सुई कधी गेली, कधी निघाली, त्याला कळलंच नाही. तो सुईकडे बघतच नव्हता—आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गंभीर डेंग्यूच्या साठ मुलांचं रक्त तपासून, कुठलं मूल बिघडणार हे आधी ओळखता येतं का, ते त्याला शोधायचं होतं. साठ झाली की तो आपल्या गावी परत जाणार होता. तो नळी घेऊन आला की तिला बरं वाटे, आणि आणखी एक दिवस कमी झाला म्हणून वाईटही.

साठावी होती पाच वर्षांची एक चिमुरडी. सकाळी आठला तिच्या रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारं आम्ल, पाचावर निघालं. ते दोनच्या वर गेलं तरी काळजी वाटावी. कागद बघून तो खिडकीच्या कठड्यावरच वाकला.

“ही काही… राहत नाही, मॅडम.”

“एका आकड्यावर कुणाचं भविष्य सांगू नका,” ती हळूच म्हणाली. “सलाईन चालू आहे ना? सहा तासांनी पुन्हा पाठवा. आकडा उतरतोय का, ते बघायचं.”

दुपारी दोनला तो स्वतःच नळी घेऊन आला. रक्त अजिबात फुटलेलं नव्हतं. आकडा आला दोन पूर्णांक एक दशांश. त्याचे डोळे भरून आले, आणि ती उगाचच स्वच्छ टेबल पुसत बसली.

“माझं काम संपलं,” तो म्हणाला.

“हो.”

“मोठे डॉक्टर इथल्याच वॉर्डात कामाला राहा म्हणतायत… राहू? मला तुम्ही फार आवडता.”

तिला हो म्हणावंसं वाटत होतं, पण आनंदाच्या भरात माणूस काहीही बोलतो, आणि हा तर मुळातच घाईचा.

“एका नमुन्यावर माझा विश्वास नाही,” ती म्हणाली. “सहा तासांनी पुन्हा या.”

तिची ड्यूटी चारला संपली. पण ती घरी गेली नाही. आईचा दोनदा फोन आला, तिने ‘काम आहे’ म्हणून ठोकून दिलं. वेणी तीनदा सोडून घातली. घड्याळाला मात्र काही घाई नव्हती.

बरोबर आठला खिडकीवर टकटक झाली.

“वॉचमनकाका म्हणत होते, तुम्ही पाचपासून जिन्यात बसलाय?”

“सावकाश घ्यायला तुम्हीच शिकवलंत.”

“मग… उतरला का आकडा?”

“छे! चढलाय.”

“अरे देवा,” तिने हसू दाबलं, “मग तर दाखलच करून घ्यावं लागेल.”

आणि ‘आत येण्यास मनाई’ असं लिहिलेलं दार तिने त्याच्यासाठी उघडलं.