पेटीचं तोंड

"बाई, पोरीला ह्या पेटीच्या तोंडासमोर बसवू नका."

जव्हारच्या स्टँडवर, एस.टी.च्या टपावरून रेडिओचं खोकं उतरवून देणाऱ्या अनोळखी माणसानं एवढंच सांगितलं होतं. गोदानं लेकीचं बोट धरून ते कानाआड केलं. श्रावणातली भुरभुर चालू होती, ताडपत्रीवरचं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं... तिचं लक्ष तिकडेच गेलं, आणि त्याचाच तिला राग आला.

"तुम्हाला काय ठाऊक त्यातलं?"

"ठाण्याला चार वर्षं हीच दुरुस्ती केली. आणि आजा माझा साखरशेत गावचा तारपेवाला, भोपळ्याचं ते लांब वाद्य फुंकणारा. तारप्याचं तोंड जमिनीकडं असतं, बाई. माणसाच्या कानावर कुणी रोखत नाय."

"तारपा आणि रेडिओ एक झाला का हो, मिस्त्री?"

"सावळा नाव माझं," तो हसला. "पण मिस्त्री म्हणून बोलावलंत... तरी येईन."

संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती. गोदा नाशिकला इंटरपर्यंत शिकलेली, आता इथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. नवरा तापानं गेला तेव्हा चैती पोटात होती. चार वर्षांची चैती दिवसभर शेजारच्या काशीमावशीकडे राहायची आणि तिथलीच बोली बोलायची. गोदाला तोच घोर. नाशिकला शिकताना तिच्या स्वतःच्या एका 'नाय'वर अख्खा वर्ग हसला होता. ते हसू लेकीच्या वाट्याला येऊ नये, शुद्ध भाषा तिच्या कानांवर पडावी, म्हणून हा बॅटरीवरचा रेडिओ आणि सोबत स्पीकरची मोठी लाकडी पेटी.

खोली नवी होती, गुळगुळीत गिलाव्याच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रा. पेटी टेबलावर, आवाज पूर्ण, आणि समोर पाटावर चैती. बातम्या, कीर्तन, भाषणं... जे लागेल ते. आठवड्याभरात गोदाच्याच कानांना दडे बसल्यासारखं झालं. संध्याकाळी डोकं जड व्हायचं, काशीमावशीचं साधं बोलणंही टोचायचं. चैतीनं आधी कानांवर हात ठेवले. मग हात काढले. आणि मग ती हाकेला ओ द्यायचीच थांबली.

गोदानं तिच्या पाठीमागे तांब्या आपटून पाहिला. पोर हलली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात कान पाहिले, स्वच्छ आहेत म्हणाले. महिन्याभरात फरक नाही पडला तर ठाण्याला न्या. आपणच पोरीला बहिरं केलं — हे गोदा कुणाला सांगणार? स्टँडवरचा तो माणूस मात्र तिला सारखा आठवत होता. शेवटी तिनं काशीमावशीकरवी निरोप धाडला.

बाजाराच्या दिवशी सावळा आला. आल्या आल्या त्यानं रेडिओ बंद केला आणि पडवीत नुसता बसून राहिला.

"दुरुस्त करायला बोलावलंय तुम्हाला," गोदा म्हणाली.

"तेच चाललंय. जरा शांत बसा की."

"मी कुठे बोलतेय?"

"मनात बोलताय. इथवर ऐकू येतंय मला."

काशीमावशी दारातून म्हणाली, "काय रे मिस्त्री, रेडिओ बिघडलाय की बाई?" गोदानं मान खाली घातली. चहात साखर दोनदा पडली. सावळानं तो मुकाट्यानं पिऊन टाकला.

त्यानं भिंतींवर गोधड्या टांगल्या. "आमच्या कुडाच्या भिंती आवाज पितात," तो म्हणाला, "तुमच्या ह्या गिलाव्याच्या तो परत तोंडावर फेकतात." पेटी खाली उतरवून तिचं तोंड फरशीवरच्या घोंगडीकडं कलतं केलं आणि वर फडका टाकला. सहा दिवस कुणी रेडिओला हात लावायचा नाही.

सहा दिवस गोदा चैतीची पाठ पाहत राहिली. आणि रोज कसलं ना कसलं निमित्त काढून सावळाची वाटही.

सातव्या दिवशी तो चैतीच्या मागे, चार हात अंतरावर उकिडवा बसला. अगदी हळू म्हणाला, "चैती... गुळाची पानगी कुणाला?"

गोदा दाराआडून बघत होती.

"मला," चैती म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

तो आणखी मागे सरकला, जवळजवळ कुजबुजला, "किती?"

"दोन. आणि मावशीला एक."

लेकीला जवळ ओढत गोदानं विचारलं, "मग आईला ओ का देत नव्हतीस गं?"

"पेटीतली बाई सारखी बोलते. मला काय विचारत नाय," चैती म्हणाली. "मग मी पण सांगत नाय. कान दुखतात... मी ते मिटून घेतले."

त्या 'नाय'वर गोदा हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. सावळा दुसरीकडे बघत होता — पण जिंकल्यासारखा.

भात कापून झाल्यावर साखरशेतला तारपा वाजला. कमरेला हात गुंफून माणसं सावळाच्या आज्याभोवती फिरत होती, चैती त्यांच्यात. रोज तासभर, हळू आवाजात रेडिओ ऐकणारी चैती आता दोन्ही बोलींत भांडायची.

"तारप्याकडं पाठ करायची नाय, रीत आहे," सावळा म्हणाला.

"आणि तारपेवाल्याच्या नातवाकडे?"

"त्याची रीत... तुम्ही ठरवा, बाई."

"गोदा म्हणा."

"गोदा... आमच्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लगीन होतं. पण आधी पोरीला विचारू?"

ती मानेनंच हो म्हणाली. त्यानं चैतीला फेरातून बाजूला घेतलं, वाकून कानापासून हातभर लांबून काहीतरी विचारलं. चैतीनं आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"या," ती म्हणाली. "पण घरात हळू बोलायचं."

गोदा त्या रात्री पहिल्यांदा फेरात उतरली. तारप्याकडे तोंड करून.

तुमच्याही घरी अशी पेटी असेल, तर हे वाचून झाल्यावर जरा उठा. तिच्यासमोर कोण बसलंय, बघून या. पेटी बंद करा, पाठीमागून हळूच हाक मारा... आणि ओ येईपर्यंत थांबा.