आतलं कापड कापायचं नाही

पहिल्या भेटीत पुरुषाने कसं दिसावं, याबद्दल टाचणीच्या काही ठाम कल्पना होत्या. एका हाताने पँट घट्ट धरून, दुसऱ्या हाताने दार ढकलत, कानापर्यंत लाल होऊन आत येणारा माणूस त्यात कुठेच बसत नव्हता.

"पट्टा तुटला," तो म्हणाला. "भर रस्त्यात."

टाचणीच्या तोंडात तीन टाचण्या होत्या, म्हणजे हसणं धोक्याचं. तिने त्या एकेक काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि मग पोटभर हसून घेतलं.

"हसून झालं की सांगा," तो म्हणाला. "मी इथेच आहे. असा कुठे जाणार?"

कपडे दुरुस्त करून देणारं ते दुकान तिच्या मावशीचं. दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल, एक उभा आरसा आणि कपडे बदलायला कोपऱ्यात पडदा, एवढाच पसारा. 'टाचणी' हे नावही मावशीनेच ठेवलेलं. भाचीच्या तोंडात कायम टाचण्या असतात, आणि नसतात तेव्हा शब्द तेवढेच टोकदार असतात, असं मावशीचं म्हणणं.

"तुम्ही काय करता?" कमरेभोवती टेप फिरवत टाचणीने विचारलं.

"जमिनी मोजतो. मोजणी खात्यात आहे."

"मी माणसं मोजते. सरळ उभे राहा. पोट आत घेऊ नका, खोटं माप निघतं."

"जमिनीचं एक बरं असतं," तो म्हणाला, "ती पोट आत घेत नाही."

टाचणीने वर पाहिलं. डोळे बरे होते... बरे म्हणजे चांगलेच होते. दीड इंच आत घ्यायचं ठरलं. पडद्याआडून त्याने पँट बाहेर दिली आणि तिने ती मशीनखाली घातली. जास्तीचं कापड कापलं मात्र नाही, दुमडून शिवणीच्या आत ठेवलं. या दुकानाचा तो नियमच होता. मावशी म्हणायची, आत घेणं सोपं गं, पण माणूस उद्या सैल करायला आला तर कापड कुठून आणशील? आतलं कापड कापायचं नाही म्हणजे नाही.

तीन आठवड्यांनी मोजणीदार परत आला. तीच पँट, पुन्हा सैल. महिन्याने पुन्हा. कामाला दहा मिनिटं लागायची आणि हा तासभर बसायचा. शेतात वासराने मोजणीची साखळी कशी चघळली, भांडणारे दोघे भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांना चहा कसे पाजत होते, असे किस्से सांगायचा. टाचणी हसायची, आणि शिवण हमखास वाकडी जायची.

"एकच पँट तीनदा?" मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे की," टाचणी म्हणाली.

तिला वाटलं, तिला कळलंय कुठे मुरतंय ते. माणूस उगाच का येईल? म्हणून तिसऱ्या वेळी टेप गुंडाळताना ती मुद्दाम म्हणाली, "काय कंबर कमावलीत हो! आमची बाकीची गिऱ्हाइकं बघून जळतील." त्याचा चेहरा असा उजळला, की तो चेहरा ती त्या दिवशी घरी घेऊन गेली. वहीत त्याच्या मापाशेजारी तिने एक छोटंसं फूलही काढलं.

बाकीच्या गोष्टी तिला दिसत नव्हत्या असं नाही. चहाबरोबर मावशीने बिस्किटं पुढे केली की तो म्हणायचा, "आत्ताच जेवून आलो." सकाळी अकरालाही आत्ताच आणि दुपारी चारलाही आत्ताच. उकाड्यात अंगात स्वेटर. एकदा कात्री देताना बोटं लागली, तर बर्फासारखी गार.

"हात किती गार तुमचे!"

"मोजणीचं यंत्र लोखंडाचं असतं ना..." तो म्हणाला, आणि बोटं मागे घ्यायला त्याने जरा उशीरच केला.

आता अशा वेळी कुणाला दुसरं काही सुचतं का? टाचणीलाही सुचलं नाही.

एका रविवारी दुपारी दोघं तळ्याकाठच्या बागेत गेली. तिने सँडविच आणली होती. तिने आपलं चार घासांत संपवलं. त्याने खिशातून चाकू काढला आणि आपल्या सँडविचचे चौकोन केले, अगदी सारखे, प्लॉट पाडल्यासारखे. एक चौकोन तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिला. ओठ हलत होते.

"काय मोजताय?"

"काही नाही... सवय."

चार चौकोन बदकांना गेले. दोन कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात गेले. आणि तोंडाने तो गोड गोड बोलत होता, तिच्या हसण्याबद्दल, तिच्या वाकड्या शिवणीबद्दल. ती विरघळली, पण नजर त्या खिशावरून हलेना. निघायला उठला तसा तो डोलला आणि त्याने बाकाची पाठ पकडली.

"ऊन लागलं," तो म्हणाला.

आभाळ तर दुपारभर भरलेलं होतं.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या टाचणीने मापांची वही काढली. त्याचं पान समोर धरलं. एकाखाली एक तारखा, एकाखाली एक मापं, प्रत्येक आधीच्यापेक्षा कमी. आणि मध्येच तिचं ते फूल. तिला स्वतःच्याच हाताची लाज वाटली.

मावशीने वही तिच्या हातातून घेतली, बघितली, आणि खुर्चीवर बसली.

"तू लहान होतीस तेव्हा एक नाचणारी मुलगी यायची," ती म्हणाली. "सहा वेळा तिचा फ्रॉक आत घेतला मी. दर वेळी म्हणायचे, कशी छान दिसतेस गं. सातव्या वेळी फ्रॉक घेऊन तिची आई एकटीच आली. मुलगी दवाखान्यात होती. वाचली, देवाची कृपा. पण जेवणाचाही आजार असतो, हे मला तेव्हा कळलं. अन्न समोर असतं, भूक असते, आणि माणसाला घास उचलायची भीती वाटते. आपल्याला ते आधी दिसतं गं, घरच्यांच्याही आधी. टेप आपल्या हातात असतो ना."

"पण हा पुरुष आहे, मावशी."

"आजार काय पडद्याआड बघून येतो?"

मंगळवारी तो आला. या वेळी अंगात दुसरी पँट होती; नेहमीची त्याने टेबलावर ठेवली. पुन्हा सैल, शिवाय नवी तक्रार. "आत कापड जाड झालंय, टोचतं. एकदाच काय ते कापून टाका."

टाचणीने टेप उचलला नाही. बोललं तर हा जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि नाही बोललं तरी जाईल, तेही दिसत होतं.

"हे काम मी करणार नाही," ती म्हणाली.

"का? वेळ नाही?"

"वेळ आहे. आधी माफी मागते. तुमच्या कमरेचं कौतुक केलं, ते मूर्खासारखं केलं. तुम्ही आजारी आहात असं मला वाटतंय. उकाड्यात थंडी वाजते, उठलं की चक्कर येते, कायम 'आत्ताच जेवलो', आणि घास मोजून खिशात. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरकडे चला. मी बरोबर येते."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय?"

"हो. आवडतोस म्हणून!" तिच्या तोंडून गेलं. "ज्याच्यावर जीव जडतो त्याच्याकडे माणूस बघणारच. बघू नको तर काय करू?"

"तुमचं काम शिवायचं," तो थंडपणे म्हणाला. "शिवत नसाल तर दुकानं पुष्कळ आहेत."

दार आपटलं. पँट मात्र टेबलावरच राहिली. टाचणीने ती घडी करून कपाटात ठेवली आणि पडद्याआड जाऊन यथेच्छ रडून घेतलं. मावशीने फक्त 'आत्ता येतो, बसा' अशी पाटी दाराला अडकवली.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी तो उंबऱ्यात उभा. खांद्यावर यंत्राची तिपाई, ओठ सुकलेले.

"काल यंत्र लावलं," त्याने बसायच्या आतच सुरुवात केली. "भिंगातून खूण हलताना दिसत होती. तीनदा लावलं. यंत्र ठीक होतं. माझेच हात थरथरत होते." त्याने खाली पाहिलं. "मोजणी चुकली की पहिल्यापासून करायची, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून रात्री बसून पहिल्यापासून आठवलं. लहानपणी सगळी भावंडं मला भोपळा म्हणायची. गेल्या वर्षी तापात महिनाभर पडलो, वजन उतरलं, तर जो भेटेल तो म्हणे, वा! झकास! मग ते सोडवेना. आता दिवसभर डोक्यात दुसरं काही नसतं. मला भीती वाटते... खाण्याची. हसू नका."

"हसत नाही. तोंडात टाचण्या आहेत," टाचणी म्हणाली. तोंडात एकही टाचणी नव्हती, पण काहीतरी सांगणं भाग होतं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला आणि सरळ सांगितलं, "हा हट्ट नाही, आजार आहे. बरा होतो, पण वेळ घेतो. पुरुष फार उशिरा येतात, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. तुम्हाला कुणी विचारलं?"

त्याने शेजारी बसलेल्या टाचणीकडे बोट दाखवलं.

"छान. आता तुम्ही ऐका," बाई टाचणीला म्हणाल्या. "पानावर पहारा द्यायचा नाही. 'खा, खा' करायचं नाही. शरीरावर एक शब्द नको. बारीक नाही, भरलाय नाही, काहीच नाही."

"अहो, मी शिंपीण आहे! माझं पोट मापांवरच चालतं."

"मग डोळ्यांचं कौतुक करा. स्वभावाचं करा. पुष्कळ जागा आहेत."

टाचणी लाजली. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या औषधाची चिठ्ठी तिला लागू पडली होती.

पुढचे महिने सरळ गेले असं कोण म्हणेल? आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे, एकदा आहारतज्ज्ञाकडे. कधी अर्धं सफरचंद म्हणजे सण, तर कधी पावाच्या एका तुकड्यावरून भांडण. एकदा तो ओरडून निघून गेला, आणि तासाभराने तिच्यासाठी मोगऱ्याच्या रंगाची रिळं घेऊन आला. ती त्याचं माप टेपच्या कोऱ्या बाजूने घ्यायची. आकडा त्याला दिसायचा नाही, ती उच्चारायची नाही, वहीत लिहायची नाही. जिथे टेप भेटेल तिथे नखाने खूण, बस्स. मापात तिच्याएवढा पक्का माणूस नव्हता, पण आकड्याशिवाय काम करायला ती त्याच्यासाठी शिकली. कौतुक मात्र भरपूर केलं, अगदी बाईंनी सांगितलं तसं. डोळे, किस्से, अक्षर. अक्षर खरं तर भयंकर होतं.

आणि एका दुपारी दार उघडलं. एक हात पँटवर. कान लाल.

"बटण तुटलं," तो म्हणाला. "भर रस्त्यात. म्हणजे... घट्ट झाली."

'घट्ट' म्हणताना आवाज कापला. टाचणीला कळलं की हा शब्द इथपर्यंत आणायला त्याला किती लांब चालावं लागलं असेल. तिला नाचावंसं वाटलं. ती नाचली नाही. हात पुढे केला आणि म्हणाली, "दे इकडे. दहा मिनिटांचं काम."

पडद्याआडून पँट आली. कपाटातलीच, मध्ये कधीतरी त्याने मागून नेलेली. टाचणीने एकेक शिवण उसवली. आतलं दुमडलेलं कापड उलगडलं. वर्षभर ऊन न लागलेलं, अजून गडद निळं.

"कापलं नव्हतंस?" पडद्यावरून डोकं काढत त्याने विचारलं. "मी सांगूनही?"

"तू परत येशील असं धरून चालले होते."

त्याने डोकं पडद्याआड घेतलं, पुन्हा बाहेर काढलं. मग म्हणाला, "एक कोट शिवायचाय."

"कशासाठी?"

"लग्नासाठी."

"कुणाच्या?"

"शिवणारीने हो म्हटलं तर... तिच्याच."

टाचणीने वही उघडली. नाव लिहिलं. मापाची जागा कोरी सोडली. "द्यायची तारीख?" तिने शक्य तितक्या धंदेवाईक आवाजात विचारलं.

"ती मावशी ठरवतील."

"मावशीने कधीच ठरवलीय," इस्त्रीच्या टेबलामागून आवाज आला. "आणि कोटाला कापड भरपूर राखायचं, सांगून ठेवते."

मावशीने चहा ठेवला. बिस्किटांची बशी पुढे केली. मोजणीदाराने बशीकडे पाहिलं, एक बिस्किट उचललं आणि अख्खंच तोंडाला लावलं, चौकोन न करता. ओठ हलत होते, पण ते मोजत नव्हते. तो काहीतरी सांगत होता, कुठल्याशा बांधावरच्या बकरीबद्दल.

टाचणीने पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं... पण दोरा ओवत असल्यासारखं केलं.