कूलरसमोरची जागा

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात. वर्षभर जिन्याखाली पडलेले सांगाडे लोक अंगणात आणतात, गंज खरवडतात, रंग मारतात, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतात. जयताळ्याच्या त्या लेआउटमध्ये रुपराव ठवकरांच्या घरी हे काम होळीनंतरच्या पहिल्या रविवारी व्हायचं. तेवीस वर्षं झाली. कूलर त्यांनी स्वतः बनवला होता.

हिंगण्याच्या एका कारखान्यात ते पत्रा विभागात फिटर होते. जाड पत्रा, चारी कोपऱ्यांना अँगल, टाकीला दुहेरी डांबर. "हा माझ्याआधी जात नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. मनकर्णाबाई चहा ठेवता ठेवता म्हणत, "तुमच्याआधी नाही जाणार. माह्याआधीचं सांगा."

त्या दोन उन्हाळे नवा घ्या म्हणत होत्या. दर मार्चमध्ये रुपराव कूलर उघडून पाहत. पंखा ठीक, पत्रा ठीक, पंप तेवढा मधून मधून अटकतो. हा एक उन्हाळा निघेल, असं ठरवून ते ताट्या बदलत आणि झाकण लावत. पंप अटकला तर काय करायचं, ते त्यांनी बायकोला शिकवून ठेवलं होतं. मागच्या ओट्यावर जायचं, कूलरची ताटी बाजूला करायची आणि तुराटीनं, तुरीच्या वाळक्या काडीनं, पंपाचं पातं हलवायचं. तुराटी कोरडी, म्हणजे करंट लागायची भीती नाही. ती खिडकीच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली असायची.

मागच्या वर्षी मे अखेरीस, नवतप्याच्या नऊ कडक दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी, रुपराव कळमन्याला होते. निवृत्तीनंतर तिथल्या एका व्यापाऱ्याकडे वजनकाटे दुरुस्त करायचं काम ते करत. दुपारी दीडला फोन आला.

"अवो, पंप अटकला. गरम हवा येऊन राहिली."

"तुराटीनं हलव ना."

"तीनदा हलवला. दोन मिनिटं चालते, पुन्हा बंद. मले ताप हाय, बाहेर उन्हात जाववत नाही आता."

"मी चारला येतो. तोवर ओलं फडकं घे वं अंगावर."

काट्याचं काम लांबलं. ते साडेपाचला पोचले. मनकर्णाबाई पलंगावर कूलरसमोर पडलेल्या होत्या. पंखा जोरात फिरत होता आणि वाळलेल्या ताट्यांमधून भट्टीसारखी हवा त्यांच्या अंगावर येत होती. ओल्या टोकाची तुराटी त्यांच्या उजव्या हाताखाली जमिनीवर होती. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी ताप पाहिला आणि चिठ्ठीवर लिहिला. रात्री आठला सगळं संपलं.

मुलगी श्वेता बंगलोरला होती. ती येईपर्यंत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, मनकर्णाबाईंना ठेवायला भाड्याची शीतपेटी आणली. त्यासाठी पलंग बाहेर काढला आणि पेटी नेमकी त्याच जागी लावली, कारण वायर कूलरच्या प्लगपर्यंतच पोचत होती. पेटी घुरघुरायची. तिच्या अंगावर लाल दिव्यांचा आकडा होता. श्वेता आली, तेव्हा तासभर पेटीसमोर बसून राहिली. रडली नाही. उठताना म्हणाली, "बाबा, एक पंप तं होता बदलायचा."

तेराव्यानंतर ती गेली. लेकीला, गुंजनला, घेऊन ये म्हटलं की फोनवर एकच बोलायची. "तो कूलर घरात हाय तोवर मी गुंजनले घेऊन येणार नाही."

या वर्षी होळीनंतर रुपरावांनी कूलर काढला. विकायला नव्हे. त्यांनी नवा पंप बसवला, सगळी वायर बदलली, ताट्या बदलल्या, टाकी दोनदा डांबरली. कशासाठी, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी कूलर सुरू केला. पाणी ताट्यांवरून सारखं उतरत होतं, वाळ्याचा वास खोलीभर झाला. पलंग परत जागेवर आला होता. रुपराव भिंतीकडच्या आपल्या बाजूला आडवे झाले आणि हात सवयीनं शेजारी टाकला.

चादर गरम होती.

ऊन येत असेल, असं वाटून त्यांनी पडदा ओढला. ऊन त्या बाजूला येतच नव्हतं. त्यांनी चादर बदलली, गादी उलटी केली. शेवटी पलंगच सरकवला. तापलेली जागा पलंगासोबत सरकली नाही. कूलरसमोर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, माणसाएवढ्या लांबीची ती जागा होती. थेट थंड झोतात. तिच्या अलीकडे-पलीकडे हात गार पडायचा आणि मधे आणला की तापायचा.

रुपराव भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. कारखान्यातून निघताना त्यांना एक काट्याचं तापमापक मिळालं होतं, लांब दांडीचं, शून्य ते शंभर. ते त्यांनी काढलं. खोलीत अठ्ठावीस. त्या जागेत पाच मिनिटं धरल्यावर बेचाळीस आणि केसभर वर. दुसऱ्या दिवशी तेच. कूलर बंद असताना तेच. पहाटे, खोली पंचवीसवर असताना, तेच.

चौथ्या दिवशी त्यांनी कपाटातली दवाखान्याची चिठ्ठी काढली. तिच्यावर एकशेआठ लिहिलं होतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बत्तीस वजा केले, पाचानं गुणलं, नवानं भागलं. बेचाळीस आणि केसभर वर. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

शेजारच्या शोभाताई वांग्याची भाजी घेऊन आल्या, तेव्हा पलंग अजून तिरपाच होता. बसायला म्हणून त्यांनी हात टेकवला आणि पटकन उचलला.

"भाऊजी, हे काहून तापलं?"

"उन्हानं तापलं असल."

"ऊन कुठं हाय इथं?" त्यांनी पुन्हा हात नेला. या वेळी हळूच, पालथा. "तापल्या लेकराच्या कपाळाले हात लावल्यासारखं वाटते." मग त्या बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भाजी दारातूनच देऊ लागल्या.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी दोन वाजता वीज गेली. रुपराव ओट्यावर गेले आणि लोट्यानं ताट्यांवर पाणी ओतू लागले. ऊन मानेवर बसत होतं. ताट्या ओल्या राहाव्यात एवढंच त्यांच्या मनात होतं. वीज चारला आली. आत येऊन त्यांनी सहज तापमापक धरलं. काटा एक्केचाळीसवर होता.

त्यांनी दोनदा पाहिलं. मग कळमन्याला फोन करून सांगितलं की आता येणार नाही.

त्यानंतर रोज दोन ते चार ते ओट्यावर उभे राहत. वीज असली तरी, पंप चालू असला तरी, लोट्यानं पाणी घालत. मधून मधून खिळ्यावरची तुराटी घेऊन नव्या पंपाचं पातं हलवत. त्याची गरज नव्हती, तरी हलवत. समोरचा अनंत मोटरसायकल लावताना ओरडायचा, "काका, चक्कर येऊन पडसान गा! पंप काय कामाचा मंग?" रुपराव हात हलवून त्याला जायला सांगत.

काटा उतरत होता. चाळीसवर पाच दिवस अडकला, मग एकोणचाळीस. रुपराव खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलनं खूण करत. अडतीस झालं, त्या संध्याकाळी त्यांनी कित्येक महिन्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. नवतपा लागायच्या आदल्या दिवशी सदतीस झालं. त्याच्या खाली ते गेलं नाही. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, सदतीस. जागा आता पोळत नव्हती. नुसती उबदार होती. दुपारी पलंग पुन्हा सरळ करून रुपराव आपल्या बाजूला झोपले आणि त्या जागेत हात ठेवला, तेव्हा त्यांना गाढ झोप लागली.

श्वेताचा फोन आला, तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"कूलर काढतो आता. तुले एसी लावायचा असल तं लाव."

"खरंच बाबा?"

"हो. आता हरकत नाही."

त्यांना आतून वाटत होतं की ताप उतरल्यावर माणसाला दवाखान्यात कोणी ठेवत नाही. ते त्यांनी श्वेताला सांगितलं नाही.

ती सहा वर्षांच्या गुंजनला घेऊन नवतप्याच्या चौथ्या दिवशी आली. एसी बसवायला दोन माणसं आली. कबाडीवाल्यानं कूलर हातगाडीवर चढवला. रुपरावांनी तुराटी खिळ्यावरून काढली, ती त्याच्याकडे द्यायला हात पुढे केला आणि मग परत टांगली. श्वेतानं ते पाहिलं.

"बाबा, ते तं टाका."

"राहू दे."

बारा वाजता एसी सुरू झाला. घुरघुर आवाज आला. श्वेता वळून एसीकडे पाहत राहिली, मग स्वयंपाकघरात गेली. गुंजन पलंगावर उड्या मारत होती. "आबाजी, लय मस्त!" खोली सव्वीसवर आली. रुपरावांनी मापक त्या जागेत धरलं. सदतीस. त्यांचा जीव भांड्यात पडला.

जेवण झालं. गुंजन पलंगाच्या त्याच बाजूला झोपली. तिला उठवावं असं त्यांना वाटलं, पण आजीच्या जागेवर नात झोपली आहे, राहू दे, असं म्हणून त्यांनी मापक तिच्या पायांशी ठेवलं आणि खुर्चीवर टेकले.

तीन वाजता काटा छत्तीसवर होता.

साडेतीनला एकतीस.

एसीमुळे असेल. रुपरावांनी तो बंद केला. काटा सव्वीसवर आला, म्हणजे खोलीइतकाच. तिथं तो थांबायला हवा होता. थांबला नाही. त्यांनी खिडक्या उघडल्या. बाहेरची झळ आत आली, पडदे उडाले, पाण्याचं भांडं तापलं. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

वीस.

चौदा.

"बाबा!" श्वेता दारात आली. "खिडक्या काहून उघडल्या? लेकरू झोपलं हाय ना! एसी कोणी बंद केला?"

ती बोलता बोलता थांबली. एसीचा दिवा विझलेला होता. घुरघुर चालूच होती. भिंतीवरून नव्हे, खालून, जमिनीजवळून येत होती.

गुंजन जागी झाली. तिनं गुडघे पोटाशी घेतले.

"मम्मी, थंडी वाजते."

बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघाली.

श्वेतानं झडप घालून तिला उचललं आणि छातीशी धरलं. तिचा हात त्या जागेतून गेला होता. तिनं तो हात पाहिला, मग पायांशी पडलेलं मापक उचललं.

काटा चारावर होता.

मागच्या वर्षी याच जागी, पेटीसमोर बसून तिनं तासभर तोच आकडा पाहिला होता, लाल दिव्यांचा.

रुपराव हात जोडल्यासारखे उभे होते. "मी उतरवला होता वं," ते म्हणाले. "सदतीसवर आणला होता. रोज उन्हात उभा राहून. मले वाटलं, बरी झाली."

बाहेर लू वाहत होती. गुंजन आईच्या खांद्यावर कुडकुडत होती. श्वेतानं बापाकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"बाबा," ती हळू म्हणाली, "आईची दुलई कुठं ठेवली?"

रुपराव स्टुलावर चढले. माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी ती जाड, हातानं शिवलेली दुलई काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. दोघांनी दोन टोकं धरली, झटकली आणि रिकाम्या पलंगावर सोडली.

दुलई खाली आली. कडा गादीला टेकल्या.

मधे ती टेकली नाही.